बिलावरची बचत, वहीतला खर्च

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. नवरा, मी, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. चौदा वर्षं बिल्डिंगखालच्या काकांकडे महिन्याचा किराणा भरत होतो. यादी वहीत लिहून द्यायची, संध्याकाळी पोऱ्या सामान वर आणून टाकायचा, पैसे पगार झाल्यावर. गेल्या दिवाळीनंतर शेजारणीचं ऐकून शहरातल्या एका मोठ्या, स्वस्त म्हणून नावाजलेल्या दुकानात जायला लागलो. (नाव तुम्ही छापणार नाही, माहीत आहे.) प्रत्येक बिलाखाली 'तुमची बचत' म्हणून बाराशे-तेराशे रुपये छापून येतात. नवरा तो आकडा फोनमध्ये टिपून ठेवतो. पण महिनाअखेरीला हातात पूर्वीपेक्षा कमीच उरतं. सासूबाई बोलत काही नाहीत, फक्त बिल मागून घेतात आणि चष्मा लावून वाचत बसतात. आमचं चुकतंय कुठे? आणि आणखी एक. लॉकडाऊनमध्ये दोन महिने नवऱ्याचा पगार अडकला, तेव्हा काकांनी पैशांचं नाव काढलं नव्हतं. आता त्यांच्या दुकानासमोरून भरलेल्या पिशव्या घेऊन जाताना मान खाली जाते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी तीन महिन्यांची बिलं आणि काकांच्या वहीतली शेवटची तीन पानं मागवून घेतली होती. दोन्ही पोचलं. वहीच्या पानांवर हळदीचे डाग आहेत, पण अक्षर न् अक्षर लागतं. दुकानाची बिलं मात्र निम्मी पुसली गेली आहेत. तो कागदच तसा असतो, शाईने नव्हे तर उष्णतेने छापलेला. उन्हाच्या खिडकीत दोन महिने ठेवला की कोरा. तेव्हा यापुढे बिल घरात आलं की पहिल्यांदा त्याचा फोटो. बरं, सासूबाईंनी बिलांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत, ते तुम्ही पाहिलंत का? माझं अर्धं काम त्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

मी वहीतली यादी समोर ठेवली आणि बिलातल्या ज्या वस्तू त्या यादीत बसतात, तेवढ्याच बाजूला काढल्या. काकांकडे तुमचा किराणा महिन्याला सरासरी ६,२०० रुपयांचा होत होता. त्याच वस्तू, तेवढ्याच वजनाच्या, नव्या दुकानात ५,५४० ला पडल्या. म्हणजे ६६० रुपये खरेच वाचले. शेजारीण खोटं बोलली नव्हती.

पण तुमचं बिल ८,१०० चं आहे. वरचे २,५६० कुठले? टी-शर्ट, डबे, पायपुसणी, एक बादली मिळून १,१५०. फरसाण, क्रीमची बिस्किटं, नूडल्स आणि चॉकलेटं ९४०. उरलेले ४७० अशा वस्तूंचे, ज्या घरात आधीच होत्या: दुसरा शाम्पू, टूथपेस्टचा जोडपॅक, ऑफर होती म्हणून घेतलेला तिसरा फरशी पुसायचा डबा. सासूबाईंच्या फुल्या नेमक्या याच ओळींवर आहेत. बिलाच्या पाठीमागे त्यांनी आणखी एक आकडा लिहिलाय, जो तुमच्या पत्रात नाही. रिक्षा जाऊन-येऊन २४०.

आता ते बाराशे-तेराशे. छापील बचत मोजली जाते ती एमआरपीपासून, आणि एमआरपी म्हणजे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येतील ती रक्कम. काकासुद्धा सगळं एमआरपीने देत नव्हते. वहीत ४५ छापलेला साबण ४२ ला लावलेला मला दिसतोय. शिवाय हा आकडा तुम्ही जितकं जास्त घ्याल तितका वाढतो. डब्यावर ३९९ छापलेत, दुकान १९९ ला देतं, बिल म्हणतं दोनशे वाचले. डबा घेतलाच नसता तर १९९ वाचले असते, पण ते कुठल्याच बिलावर छापून येत नाही. नवऱ्याला म्हणावं, टिपायचंच असेल तर बिलाची एकूण रक्कम टिप.

या दुकानांना स्वस्त देणं परवडतं कसं, ते थोडं सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण डीमार्टचं. राधाकिशन दमाणींनी पवईला पहिलं दुकान काढलं २००२ साली. त्याआधी नेरूळला त्यांनी अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ मध्ये नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेला सहकारी ग्राहक भांडारांचा पसारा; माझ्या पिढीतल्या मुंबईकर बायकांचं माहेरच. तर डीमार्टचा हिशोब साधा आहे. दुकानाच्या जागा बहुतेक स्वतःच्या, त्यामुळे भाडं नाही. माल पुरवणाऱ्याला पैसे लवकर, म्हणून तो भाव पाडून देतो. झगमगाट बेताचा. ओझं वाहायचं गिऱ्हाइकाने. डाळ, तेल, साखरेवर थोडा नफा घेऊन ढीगभर विकायचं. विक्रीत अर्ध्याहून जास्त वाटा खाण्याच्या जिनसांचाच असतो. पण कपडे, भांडी, प्लॅस्टिक यांवर सुटणारा नफा डाळीपेक्षा जास्त. ही सगळ्याच मोठ्या दुकानांची रीत आहे आणि त्यात फसवणूक काही नाही. साखर स्वस्त देऊन त्यांनी तुम्हाला दारात आणलं, पुढचं तुमच्या ट्रॉलीवर.

मी स्वतः शहाणी आहे असं समजू नका. ठाण्याला आमच्या जवळ असं दुकान निघालं त्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात एकवीस प्लॅस्टिकचे डबे जमले. त्यातल्या सहांना झाकणं नाहीत. आणि मी तर मुंबई ग्राहक पंचायतीत वाढलेली बाई! ही पंचायत म्हणजे ग्राहकांनी मिळून माल घ्यायची संस्था, १९७५ ची. आम्ही बिल्डिंगीतल्या अकरा घरांनी मिळून एक संघ केला होता. मागणीपत्रक आधी भरायचं, पैसे आधी द्यायचे. मग ठरल्या दिवशी टेम्पो यायचा, एकीच्या हॉलमध्ये पोती उतरायची आणि चादरीवर बसून आम्ही वाटप करायचो. तूर दोन किलो, मूग एक, साखर चार, शेंगदाणे एक. भाव चांगला असायचा, मालही निवडक. पण खरी गंमत कळली ती फार उशिरा, ते एकवीस डबे मोजताना. यादी भरताना समोर मांडणी नसायची. घरी बसून, डब्यात डोकावून, पाहुणे कोण येणार ते आठवून लिहायचं. टेम्पोतून न मागितलेली बादली कधी उतरली नाही.

तुम्ही काकांना वहीत यादी लिहून देत होतात तेव्हा हेच करत होतात. दुकान बदललंत ते बदललंत, पण वहीही सोडलीत.

तेव्हा वही परत काढा. वस्तू आणि वजन दोन्ही लिहायचं, नुसतं 'डाळ' नाही. जेवून जायचं. मुलांना नेऊ नका असं मी म्हणणार नाही, त्यांची ती सहलच असते. पण दोघांना मिळून महिन्याचे तीनशे रुपये ठरवून द्या आणि त्यात काय घ्यायचं ते त्यांनाच भांडू दे. चौथीतली मुलगी पाचव्या मिनिटाला भाव वाचायला लागेल, बघा. आणि दर महिन्याला जायची गरज नाही. साबण, तेल, डाळी, साखर दोन महिन्यांची एकदम आणली तर रिक्षाचे निम्मे वाचतात आणि मोहाची फेरीही निम्मी होते.

नवऱ्याची आकड्यांची आवड वाया घालवू नका. त्याला दर एककाची किंमत बघायला लावा. हल्ली पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतं ते छापलेलं असतं, बारीक अक्षरात, पण असतं. तेलापासून सुरुवात करा. सूर्यफुलाचं एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. तेल उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं, वजन मात्र हलत नाही, म्हणून लिटर बघू नका, ग्रॅम बघा. पूर्वी पाकिटांची मापं ठरलेली असत, ते बंधन २०२२ मध्ये गेलं. आता शेजारी-शेजारी सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांत एकीत ९१० आणि दुसरीत ८५० ग्रॅम असू शकतं. तुमच्याच बिलातलं सांगते: ९१० ग्रॅमची पिशवी १५२ ला, म्हणजे शंभर ग्रॅमला १६ रुपये ७० पैसे. ८५० ची १४५ ला, म्हणजे १७ रुपये ६ पैसे. तुम्ही सात रुपये स्वस्त म्हणून दुसरी उचललीत. महिन्याला चार पिशव्यांमागे बारा-तेरा रुपयांचा फरक. तेरा रुपये म्हणजे काही डोंगर नव्हे, कबूल. पण पावडर, चहा, शाम्पू, बिस्किटं सगळीकडे हीच गोष्ट आहे, आणि मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असंही नाही.

आता काका. वहीच्या पानांवरून दिसतं की गूळ, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि उपवासाचं सामान त्यांच्याकडे स्वस्त होतं आणि पन्नास ग्रॅम ओवा मागितला तर पन्नास ग्रॅमच मिळत होता. मोठ्या दुकानातलं ओव्याचं पाकीट तुम्ही घेतलंय दोनशे ग्रॅमचं. एवढा ओवा पाच माणसांच्या घरात वर्षभर वास उडेपर्यंत पडून राहील. असल्या जिनसा त्यांच्याकडेच घ्या. मी तुमची यादी दोन भागांत वाटून पाहिली: ४,१५० चा माल मोठ्या दुकानातून, १,३५० चा काकांकडून. मुलांचे ३००, रिक्षाचे सरासरी १२०. झाले ५,९२०. काकांच्या जुन्या हिशोबापेक्षा २८० कमी, आणि आजच्या रिक्षासकट ८,३४० पेक्षा २,४२० कमी. दुकान बदलल्याचे पैसे किती आणि वही लिहिल्याचे किती, ते तुम्हीच बघा.

मान खाली घालण्याबद्दल एवढंच म्हणते की काकांना माहीत आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक कुठे जातं ते गिऱ्हाइकाच्या आधी कळतं. एका संध्याकाळी रिकाम्या हाताने जा आणि सरळ सांगा, "काका, मोठं सामान आम्ही तिकडून आणतो, बाकीचं तुमच्याकडून नेत जाईन, आणि रोख देईन." उधारीवर नको, रोखीने. त्यांच्या धंद्यात रोखीच्या तेराशेला उधारीच्या दोन हजारांची किंमत असते. त्यांनी दोन महिने पैसे मागितले नाहीत, त्याची फेड किराण्याने होत नाही, त्यामुळे ती करायला जाऊ नका. दिवाळीला फराळाचं ताट पाठवत होतात ते चालू ठेवा.

प्रश्न : मी पुण्यात एकटा राहतो, रात्री घरी स्वयंपाक करतो. ऑफिसातले सगळे सांगतात की पाच-पाच किलोची पाकिटं घे, स्वस्त पडतात. घेऊ का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नका घेऊ. एकट्या माणसाला पाच किलो तांदूळ संपवायला तीन महिने लागतात आणि दुसऱ्या महिन्यात त्यात सोंडे होतात. किलोमागे चार रुपये वाचवून शेवटचा किलो टाकून दिलात तर हिशोब काय झाला? तेलाची मोठी बाटली, साबण, कपड्याची पावडर मोठी घ्या; नासणारं काही मोठं घेऊ नका. किंवा एखाद्या सहकाऱ्याशी भागी करा. वजनकाटा अडीचशे-तीनशेला मिळतो. रात्री स्वयंपाक करता याचं मात्र कौतुक वाटलं.

प्रश्न : एका सुपरमार्केटात मांडणीवर ८९ लिहिलेली वस्तू बिलात ९६ ला लागली. घरी आल्यावर लक्षात आलं. सात रुपयांसाठी परत जाणं लाजिरवाणं वाटलं. असं असलं तर काय करायचं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : आधी पाकिटावरची एमआरपी बघा. ९६ हे एमआरपीच्या आत असेल तर बहुतेक वेळा मांडणीवरची पाटी बदलायची राहिलेली असते. पाटीचा फोटो असेल तर दुकान फरक परत देतं. बिल एमआरपीच्या वर लागलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तो वजनमापांच्या कायद्याचा भंग आहे. तक्रार वैधमापनशास्त्र खात्याकडे करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

लाजेचं म्हणाल तर मला हा रोग चाळिशीपर्यंत होता. एकदा एका दुकानात तुपाचा एक डबा बिलात दोनदा लागला होता. चारशे रुपयांच्या वर रक्कम, तरी मी दोन दिवस जाऊ की नको करत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी गेले तर दुकानवाले म्हणाले, आता काही होणार नाही. तेव्हापासून काउंटर सोडायच्या आत, ट्रॉली भिंतीला लावून बिल वाचते. मागची माणसं उसासे टाकतात. टाकू देत. सगळं वाचायचं नसतं, वस्तूंची संख्या मोजायची आणि महागड्या पाच ओळी तपासायच्या. दीड मिनिट लागतं.

प्रश्न : आम्ही दोघंच आता साताऱ्यात. हिला अजूनही एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायचा असतो. मुलगा म्हणतो, बाबा, सुपरमार्केटात दहा किलोचं आट्याचं पाकीट मिळतं, कशाला हा व्याप? माझी कंबर मुलाच्या बाजूने आहे, पण पैशाने काय परवडतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पैशाने गहू. कंबरेने आटा. दोघांना महिन्याला सात-आठ किलो, म्हणजे वर्षाला साधारण नव्वद किलो, तीस-तीसचे तीन कट्टे. नवा माल बाजारात आलेला असतो तेव्हा भाव वर्षातला बरा असतो आणि गहू पोत्यातून हातात घेऊन बघता येतो. लोकवन, सिहोर, काय हवं ते. आट्याच्या पाकिटात गहू कुठला ते कळत नाही. त्यात कराचीही एक बारीक गोष्ट आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठांवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला. सुट्ट्या धान्यावर नाही. तेव्हापासूनच बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे एवढे दिसायला लागले, ते उगाच नव्हे.

पण दळणाचे पैसे, गिरणीपर्यंतची खेप आणि साठवणीची काळजी त्यात धरा. ते सगळं धरूनही माझ्या घरी गहूच स्वस्त पडतो, फारसा नाही, पण पडतो. चव धरली तर बराच. सुगरणीशी वाद घालायला मी तुम्हाला सुचवणार नाही.

व्याप कमी करायचा असेल तर नव्वद किलो एकदम घरात आणू नका. दोन कट्टे आता, एक दिवाळीनंतर. तेव्हा भाव थोडा चढलेला असेल, पण कंबरेचा विचार करता चालेल. किंवा शेजारच्या घराशी मिळून आणा आणि हमालाला दुसऱ्या मजल्यापर्यंतचे पैसे आधी ठरवून द्या. दोन कडक उन्हं दाखवायची, दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचा. गरम भरला तर आत घाम धरतो आणि तिथूनच किडे होतात. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात. बोरिक पावडर माझ्या आईच्या काळापासून चालत आली, मी बंद केली. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात, त्या राहत्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. तसं झालेलं आहे. गोदामात प्रशिक्षित माणसं वापरतात ती वस्तू आहे, स्वयंपाकघरातली नव्हे. किडा लागलाच तर चाळायचं आणि पुन्हा ऊन दाखवायचं. पावसाळा लागायच्या आधी झाकणाची रबरी पट्टी तपासून घ्या, माझी गेल्या वर्षी फाटलेली निघाली होती.